ब्रॅड पिटचं तिबेट, हॅररचं तिबेट आणि खरं तिबेट

जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी नव्वदी गाठली आणि वाढदिवसाच्या चार दिवस आधी, २ जुलैला सांगून टाकलं की माझ्यानंतरही दलाई लामा असणार, तो कोण हे आमचा गादेन फोड्रांग ट्रस्ट ठरवेल, बाकी कुणी त्यात पडायचं कारण नाही. 'बाकी कुणी' म्हणजे कोण ते नाव न घेताही सगळ्यांना कळलं. चीननं लगेच ऐकवलं की आमच्या मंजुरीशिवाय काही चालणार नाही. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर दोन दिवस खल झाला, एक काका म्हणाले तिबेट कायमच चीनचं होतं, दुसरे म्हणाले नेहरूंनी घालवलं, आणि तिसऱ्या दिवशी धाकट्या मावसभावानं निकाल दिला, "तो ब्रॅड पिटचा पिक्चर बघा, सेव्हन इयर्स इन तिबेट, सगळं कळतं."

मी तो पिक्चर तीनदा बघितलाय. एकदा केबलवर रात्री उशिरा अर्धवट झोपेत, नंतर दोनदा नीट. आवडतो मला, खोटं कशाला बोलू. पण सगळं कळतं हे काही खरं नाही, काही गोष्टी तर त्यातून उलट्याच कळतात. शिवाय यात आमच्या नगरचा एक धागा आहे आणि तो पिक्चरवाल्यांनी साफ गाळलाय, त्यामुळे माझा थोडा वैयक्तिक रागही आहे असं समजा.

आधी गोष्ट काय ते

१९९७ चा पिक्चर, दिग्दर्शक ज्याँ-जाक आनो हा फ्रेंच माणूस. हाइनरिश हॅरर नावाचा ऑस्ट्रियन गिर्यारोहक १९३९ साली गरोदर बायकोला घरी सोडून नंगा पर्बतवर येतो, तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू होतं, इंग्रज त्याला पकडतात, तो कॅम्पातून पळतो, पीटर आउफश्नायटर या साथीदाराबरोबर हिमालय ओलांडून ल्हासाला पोचतो, तिथं कोवळ्या दलाई लामांचा मास्तर होतो, आधीचा गर्विष्ठ माणूस हळूहळू माणसात येतो, मग चिनी फौजा येतात आणि तो जड मनानं परत जातो. मागे जॉन विल्यम्सचं संगीत आणि यो-यो माचा चेलो. दोन सव्वादोन तास कसे जातात कळत नाही.

याला बायोपिक म्हणतात, म्हणजे चरित्रपट. आता चरित्रपट बघताना एक गोष्ट लक्षात ठेवायची, आपल्याकडच्या लग्नाची. एक असतं प्रत्यक्ष लग्न, दुसरा लग्नाचा अल्बम, आणि तिसरा व्हिडिओवाल्यानं गाणी टाकून केलेला व्हिडिओ. मानपानावरून मामा रुसून बसला होता हे लग्नात सगळ्यांनी बघितलेलं असतं, अल्बममध्ये ते येत नाही, आणि व्हिडिओत तर तोच मामा स्लो मोशनमध्ये हसत अक्षता टाकताना दिसतो. इथंही तसंच आहे. १९३९ ते १९५१ मध्ये जे घडलं ते लग्न, हॅररनं १९५२ साली लिहिलेलं पुस्तक हा अल्बम, आणि हॉलिवूडचा पिक्चर हा व्हिडिओ. तिन्हीत नवरा तोच, पण रुसवेफुगवे कुठं गेले ते शोधावं लागतं.

नगर, गोवा आणि एक शिडी

पिक्चरमध्ये ही मंडळी पर्वतावरून खाली उतरतात आणि इंग्रज पकडतात. मुळात त्या वर्षीची ती मोहीम शिखर गाठायची नव्हतीच, नंगा पर्बतच्या दियामिर बाजूनं वाट आहे का याची पाहणी करायला चौघं आले होते, आणि पुढारी होता आउफश्नायटर, हॅरर नव्हे. पाहणी उरकून ते कराचीत जहाजाची वाट बघत बसले, जहाज काही येईना, युद्धाची हवा तापलेली, म्हणून गाडी काढून इराणच्या दिशेनं सटकायचा प्रयत्न केला आणि तिथं सापडले. ३ सप्टेंबर १९३९ ला इंग्लंडनं युद्ध पुकारलं आणि हे लोक तारेच्या कुंपणाआड गेले.

आणि मग त्यांना आणलं कुठं, तर अहमदनगरला! आताचं अहिल्यानगर. भारतात जे जे जर्मन-ऑस्ट्रियन सापडले, मिशनरी असोत, व्यापारी असोत की बौद्ध भिक्खू, अशा 'शत्रू देशाच्या नागरिकांना' नगरच्या कॅम्पात, मग देवळालीला आणि शेवटी डेहराडूनला ठेवलं. आम्हा नगरकरांना नेहरू इथल्या किल्ल्यात कैदेत होते आणि त्यांनी तिथं ग्रंथ लिहिला हे शाळेपासून पाठ, पण हॅररचं नाव कुणी कधी घेतलं नाही. नेहरू आले ऑगस्ट १९४२ मध्ये, तोवर हॅरर डेहराडूनला पोचला होता. म्हणजे पुढं ज्याच्या सरकारच्या काळात तिबेटचा निकाल लागला तो माणूस आणि तिबेटची गोष्ट जगभर नेणारा माणूस, दोघं एकाच गावात कैदी, दोन-तीन वर्षांच्या अंतरानं.

नगरला असताना त्यांचा बेत होता गोव्यात पळायचा. का? तर गोवा पोर्तुगालकडे होता आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होतं. तटस्थ म्हणजे मी ना याच्या बाजूनं ना त्याच्या, त्यामुळे तिथं पोचलेल्याला इंग्रज उघडपणे उचलू शकत नाहीत. (उघडपणे म्हटलं बरं का, कारण मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांनी गुपचूप मुरगाव बंदरात शिरून तिथं थांबलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावर हल्ला केलाच.) पण डेहराडूनहून गोवा पडलं लांब, आणि तिबेट डोंगरापलीकडे. तिबेटही तटस्थ. एवढं साधं गणित होतं ते. अध्यात्माची ओढ, शांतीचा शोध वगैरे काही नाही, तिबेटमधून पुढं जपानी फौजांपर्यंत जायचं होतं या लोकांना.

बऱ्याचदा फसून शेवटी २९ एप्रिल १९४४ ला जमलं, दुपारी जेवणानंतर, भर उजेडात. सात जण. दोघांनी इंग्रज ऑफिसरचे कपडे घातले, बाकीच्यांनी तोंडं काळी करून, डोक्याला फेटे बांधून मजुरांचं सोंग घेतलं, हातात शिडी आणि काटेरी तारेचं भेंडोळं, म्हणजे कुंपण दुरुस्त करणारी टोळी. आणि गेटमधून चालत बाहेर! पहारेकऱ्यांनी काही विचारलं नाही. शिडी घेऊन घाईत चाललेल्या माणसाला आपल्या देशात आजही कुणी अडवत नाही, बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा. ऑफिसर झालेले दोघं सरळ ट्रेननं कलकत्त्याला आणि तिथून ब्रह्मदेशात जपान्यांकडे पोचले. बाकीचे डोंगराकडे गेले, एक जण थकून मागे फिरला, आणि १७ मे ला चौघं खिंड ओलांडून तिबेटमध्ये उतरले. पुढं आणखी दोघं गळाले.

उरले हॅरर आणि आउफश्नायटर. ल्हासाला पोचले १५ जानेवारी १९४६ ला. वीस महिने! वाटेत प्रत्येक ठिकाणचा अधिकारी चहा पाजून, जेवू घालून, अत्यंत अदबीनं सांगायचा की तुम्ही परत जा. परदेशी माणसाला आत येऊ द्यायचं नाही हा तिथला नियम होता. शेवटी कैलास मागे टाकून, नेपाळच्या सीमेजवळच्या क्यिरोंग गावात बरेच महिने काढून, ऐन थंडीत चांगथांगच्या ओसाड पठारावरून गेले, कारण तिकडून कुणी येईल अशी अपेक्षाच नव्हती.

हॅरर नाझी होता का?

होता. यात 'पण' लावायला जागा नाही. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर लगेच, एप्रिल १९३८ मध्ये तो एसएसमध्ये गेला, म्हणजे हिटलरच्या खास निष्ठावंतांच्या संघटनेत, आणि मे महिन्यात नाझी पक्षाचा सभासद झाला. त्याच जुलैत त्यानं आणि इतर तिघांनी आयगर पर्वताची उत्तर भिंत पहिल्यांदा सर केली, हिटलरबरोबर फोटो निघाले. डिसेंबरमध्ये लग्न झालं ते आल्फ्रेड वेगेनरच्या मुलीशी. वेगेनर म्हणजे खंडं सरकतात हे मांडणारा शास्त्रज्ञ, भूगोलाच्या पुस्तकातला. भारताचा तुकडा आशियात घुसला म्हणून हिमालय उभा राहिला, या समजुतीचं मूळ ज्या माणसाकडे जातं त्याचाच जावई त्या हिमालयात सात वर्षं हिंडला, हे मला कुठल्याही पटकथेपेक्षा भारी वाटतं.

पुस्तकात हॅररनं नाझीपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. लपून राहिलं ते पुढची पंचेचाळीस वर्षं. मग मे १९९७ मध्ये, म्हणजे पिक्चर थिएटरला लागायच्या चार-पाच महिने आधी, जर्मनीच्या श्टर्न मासिकानं कागदपत्रं छापली आणि एकच गहजब झाला. पिक्चरमध्ये स्टेशनवर त्याला जर्मन हीरो म्हणतात तेव्हा तो तुटकपणे सांगतो की मी ऑस्ट्रियन आहे, जणू त्याला हे सगळं नकोसंच होतं. खऱ्या हॅररला तेव्हा तसं नकोसं झाल्याचा काही पुरावा कागदांवर दिसत नाही.

तर मग तो युद्धगुन्हेगार होता का? तसं नाही. युद्ध सुरू झाल्यापासून तो भारतात कैदेत आणि मग तिबेटमध्ये, त्यामुळे युरोपातल्या अत्याचारांत त्याचा हात असणं शक्यच नव्हतं, आणि नाझींना शोधून काढणारे सायमन विझेन्थाल यांनीही पुढं तसंच म्हटलं. स्वतः हॅररनं त्याला तरुणपणातली चूक म्हटलं. माझं मत विचाराल तर चूक होती हे खरं, पण आधी लपवली आणि उघड झाल्यावर कबूल केली, हेही तितकंच खरं. पिक्चरनं त्याचा गर्व दाखवला, बायकोशी तुसडेपणानं वागणं दाखवलं, आणि प्रायश्चित्त म्हणून मुलाला लिहिलेली पत्रं घातली. पुस्तकात बायको-मुलाचा उल्लेख शोधायला जाल तर हात हलवत परत याल. मुलगा खरा होता, हॅरर इकडे आल्यावर जन्मलेला, आणि हा कैदेत असतानाच लग्न मोडलं. पण बाप म्हणून जीव तुटणं हा पटकथेचा हात. तिबेटी शिंपिणीवरून दोघा मित्रांमध्ये जी चुरस दाखवलीय तीही तसलीच.

बिचाऱ्या आउफश्नायटरवर तर अन्यायच झालाय. शेतीचा इंजिनियर, तिबेटी आधीपासून येणारा, ल्हासाचा नकाशा काढणारा, कालवे-बांध बघणारा माणूस. हॅरर गेल्यावरही तो तिबेटमध्ये थांबला आणि पुढं नेपाळचा नागरिक झाला. पण तो गप्प स्वभावाचा, आणि गप्प माणसावर कोण पिक्चर काढतं.

चाकूंवर चालणं

आता जो भाग खरा आहे आणि गोडही आहे त्याकडे येतो. १९४८ पासून हॅरर तिबेट सरकारचा पगारी नोकर होता, बाहेरच्या बातम्या भाषांतर करणं, फोटो काढणं अशी कामं. हिवाळ्यात तो आणि मित्र गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करायला लागले, ल्हासाच्या लोकांनी त्याला नाव दिलं चाकूंवर चालणं. पोताला राजवाड्याच्या गच्चीवरून दलाई लामा दुर्बिणीनं अख्खं शहर न्याहाळत, पण ही जागा नेमकी तिथून दिसत नव्हती! मग निरोप आला की आम्हाला दिसत नाही, तर शूटिंग करून आणून दाखव. कल्पना करा, तेराचौदा वर्षांचा पोरगा, देव मानला गेलेला, हजारो लोक पाया पडणारे, आणि खाली मुलं घसरतायत ते बघायला मिळत नाही म्हणून हिरमुसलेला.

तिथून गाडी पुढं गेली. त्याच्यासाठी छोटं थिएटर बांधायचं ठरलं. पिक्चरमध्ये पाया खणताना गांडुळं निघतात आणि सगळे काम थांबवून ती हलक्या हातानं बाजूला नेतात, तो सीन बऱ्याच जणांना लाडीगोडीचा वाटतो, पण मुळात हॅररनंच लिहिलंय की फावड्यावर किडा आला की मजूर काम थांबवायचे. मागच्या जन्मीची आपली आईच असेल कदाचित, हा हिशोब. प्रोजेक्टर चालवायला जीपचं जुनं इंजिन वापरलं. आणि मग शिकवणी सुरू झाली, इंग्रजी, भूगोल, थोडं विज्ञान. पोरगा घड्याळं उघडून परत जोडणारा. गंमत म्हणजे मास्तर आणि विद्यार्थी दोघांचा वाढदिवस ६ जुलै, एकाचा १९१२ चा, दुसऱ्याचा १९३५ चा.

पण शिकवणी पूर्ण सात वर्षं चालली असं जे वाटतं ते चूक. ल्हासातली वर्षं जेमतेम पाच आणि दलाई लामांच्या जवळ बसून शिकवलं ते शेवटचं वर्षभर. विद्यार्थ्याचे खरे गुरू वेगळे होते, धर्मशास्त्र शिकवणारे मोठे लामा. हॅरर म्हणजे आपल्या भाषेत बाहेरच्या जगाचा प्रायव्हेट क्लास.

मग तिबेट म्हणजे स्वर्गच होता म्हणायचा का?

पिक्चर बघून तसं वाटतं खरं. शांत माणसं, लोण्याचे दिवे, कुणी आवाज चढवत नाही. आणि इथंच मला पिक्चर सगळ्यात जास्त खटकतो, हॅररच्या बाबतीत जितका खटकतो त्याहून जास्त.

दलाई लामा लहान असताना कारभार बघायला एक लामा नेमत, त्याला रीजंट म्हणतात, आपल्याकडे कारभारी म्हणू. पिक्चरमध्ये हे काम आपल्या डॅनी डेन्झोंग्पानं केलंय. आधीचा कारभारी होता रेतिंग रिनपोछे (रिनपोछे ही मोठ्या लामांची पदवी), यानंच आताच्या दलाई लामांना लहानपणी शोधून काढलं. १९४१ मध्ये त्यानं जागा ताक्त्रा रिनपोछेंना दिली, पुढं परत मागितली असता मिळेना, दोघांत वैर पेटलं, ताक्त्रांना मारायला बॉम्बचं पार्सल पाठवल्याचा आळ आला, आणि एप्रिल १९४७ मध्ये रेतिंगला अटक झाली. त्याच्या बाजूनं सेरा मठातले भिक्खू बंदुका घेऊन उठले, सरकारनं मठावर तोफा लावल्या, आणि मे मध्ये रेतिंग पोतालाच्या तुरुंगात मेला. विष दिलं असं लोक म्हणत राहिले. हे सगळं घडलं तेव्हा हॅरर ल्हासातच होता! पुस्तकात ते आहे, पिक्चरमध्ये एक फ्रेम नाही.

का नाही ते उघड आहे. प्रेक्षकाला बळी निष्पाप लागतो. पेशवाईतलं भाऊबंदकीचं राजकारण आपल्याला शाळेत शिकवतात म्हणून आपण शनिवारवाडा कमी मानतो का? तसंच हे. तिबेटमध्ये जमिनी सरदार घराण्यांकडे आणि मठांकडे होत्या, कुळं बांधलेली होती, दुर्बिणीतून दलाई लामांना स्वर्ग नाही तर खालच्या शोल तुरुंगातले कैदीही दिसायचे, त्यांनी स्वतः हे सांगितलंय. चीन नेमकं यावरच बोट ठेवतो, बघा किती मागास होते, आम्ही मुक्त केलं. पण घरात भांडणं आहेत म्हणून शेजाऱ्यानं येऊन घराचा ताबा घ्यावा हे कुठल्या न्यायात बसतं? तिबेट सदोष होतं आणि तरी तिबेट्यांचं होतं, ही दोन्ही वाक्यं एकदम खरी असू शकतात. पिक्चरला ते झेपलं नाही म्हणून त्यानं पहिलं वाक्य गाळलं.

तिबेट चीनचं होतं की नव्हतं?

काकांचा प्रश्न. याला सरळ उत्तर नाही, पण सातबारा माहीत असलेल्याला लगेच समजेल.

सातबाऱ्यावर मालकाचं नाव एकाचं असतं, इतर हक्कांत दुसऱ्याच कुणाचं, आणि प्रत्यक्षात जमीन कसतो तिसराच. आता तिबेटच्या शिवारात चला. अठराव्या शतकात चीनच्या छिंग बादशहांनी ल्हासात फौज आणि आपला प्रतिनिधी ठेवला, पण कारभार तिबेटी करत. यालाच अधिसत्ता म्हणतात, म्हणजे मान वरच्याला आणि कारभार खालच्याचा. दिल्लीच्या बादशहाच्या सनदा घेऊन मराठे चौथाई वसूल करायचे तेव्हा खरा धनी कोण होता, असा तो मामला. १९११ मध्ये छिंग घराणं कोसळलं, पुढच्या वर्षी तिबेट्यांनी चिनी फौज घालवली, १९१३ मध्ये तेराव्या दलाई लामांनी जाहीर केलं की आम्ही आमचे. तेव्हापासून १९५० पर्यंत तिबेटचं स्वतःचं नाणं, टपाल, सैन्य, पासपोर्ट. म्हणजे वहिवाट शंभर टक्के त्यांची. पण सातबारा? तो लिहिणारा तलाठी होता इंग्रज, आणि त्यानं १९१४ च्या सिमला करारात सोयीनं लिहून ठेवलं की अधिसत्ता चीनची, कारभार तिबेटचा. त्यावर चीननं शेवटची सही केलीच नाही. आणि तिबेट इतकं दारं लावून बसलं होतं की फेरफार नोंदवायला कुणी तालुक्याला गेलंच नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य आलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांत तिबेटचा विषय काढायला उभा राहिला फक्त एल साल्वाडोर, मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. विषय बाजूला ठेवला गेला.

आणि भारत? २९ एप्रिल १९५४ ला आपण चीनशी करार केला त्यात 'चीनचा तिबेट प्रदेश' असे शब्द आले, पंचशील म्हणून ओळखली जाणारी पाच तत्त्वं त्याच करारातली. हॅरर डेहराडूनच्या गेटमधून बाहेर पडला त्याला त्या दिवशी बरोब्बर दहा वर्षं झाली होती. दुसऱ्या काकांसाठी हेही सांगतो की २००३ मध्ये वाजपेयींच्या चीन दौऱ्यात भारतानं पुन्हा एकदा, जास्त स्पष्ट शब्दांत, तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं मान्य केलं. त्यामुळे एकट्या नेहरूंच्या नावानं खापर फोडण्यात अर्थ नाही.

पुसलेलं मंडल आणि पिकनिक

पिक्चरमधला सगळ्यात परिणामकारक सीन म्हणजे चिनी जनरल ल्हासात येतात आणि भिक्खूंनी रंगीत वाळूनं काढलेलं मंडल बुटाखाली तुडवतात. असं काही घडलं नाही. लढाईच्या आधी कुणी जनरल ल्हासात बोलणी करायला आलेच नव्हते. आणि जाताजाता 'धर्म म्हणजे विष' हे जे वाक्य येतं ते दलाई लामांच्या आठवणीनुसार खुद्द माओनं त्यांना बीजिंगमध्ये ऐकवलं होतं, तेही चार-पाच वर्षांनी. वाक्य खरं, तोंड आणि तारीख बदललेली.

दुसरा खलनायक न्गापो न्गावांग जिग्मे, पिक्चरमधला सुटाबुटातला फितूर. शेवटी हॅरर त्याच्या अंगावर कोट फेकून जाब विचारतो, टाळ्या पडतात, पण तेही रचलेलं. खरा न्गापो पूर्वेकडच्या छाम्दोचा राज्यपाल म्हणून काही आठवड्यांपूर्वीच गेला होता. समोर सुमारे चाळीस हजारांची कसलेली चिनी फौज, आणि अख्ख्या तिबेटचं सैन्य मिळून जेमतेम आठ-नऊ हजार. त्यानं ल्हासाला वायरलेसवर पुन्हा पुन्हा विचारलं काय करू, उत्तर नाही. शेवटी १५ ऑक्टोबरला ल्हासाहून सांगण्यात आलं की काशाग, म्हणजे तिथलं मंत्रिमंडळ, पिकनिकला गेलंय, आत्ता त्रास देता येणार नाही. हो, पिकनिकला. त्यावर छाम्दोहून जे उत्तर गेलं ते इथं छापण्यासारखं नाही. चार दिवसांत छाम्दो पडलं. मला विचाराल तर मंडल तुडवण्यापेक्षा हा सीन शंभर पट भयंकर होता, पण तो घेतला असता तर दोष थोडा आपल्याच माणसांवर आला असता. न्गापोनं मे १९५१ मध्ये बीजिंगला सतरा कलमी करारावर सही केली, पुढं चीनमध्ये मोठी पदं भोगली, २००९ मध्ये वारला, आणि तेव्हा दलाई लामांच्या निर्वासित सरकारनंही त्याच्याबद्दल बरे शब्द काढले. म्हणजे ज्यांचं घर गेलं त्यांनी त्याला फितूर म्हटलं नाही, हॉलिवूडनं म्हटलं.

शेवटी पडद्यावर येतं की दहा लाख तिबेटी मेले. निर्वासित सरकारचा आकडा बारा लाखांचा आहे, पण पॅट्रिक फ्रेंच या तिबेटच्या बाजूच्या लेखकानंच धरमशालातले कागद तपासले आणि तो आकडा सिद्ध होत नाही असं सांगितलं. माणसं प्रचंड संख्येनं मेली, मठ उद्ध्वस्त झाले यात शंका नाही, नेमका आकडा ठरलेला नाही इतकंच.

कम्युनिस्टांना पुनर्जन्म कशाला हवा?

हा प्रश्न ग्रुपवर माझ्या बायकोनं विचारला आणि सगळ्यात मुद्द्याचा तोच आहे. तिबेटी समजुतीप्रमाणे मोठा लामा मेल्यावर मुद्दाम परत जन्म घेतो, अशा माणसाला तुल्कू म्हणतात, आणि त्याला खुणांवरून शोधायचं असतं. म्हणजे गादी वारसानं जात नाही, शोधानं जाते. जो शोधणार त्याच्या हातात गादी. १७९३ मध्ये छिंग बादशहानं नियम केला की नावांच्या चिठ्ठ्या सोन्याच्या कलशात टाकून काढायच्या, आणि चीन आज त्याच कलशावर आणि २००७ च्या आपल्या सरकारी नियमावर बोट ठेवतो. आताच्या दलाई लामांसाठी मात्र चिठ्ठी काढलीच नव्हती.

हे किती गंभीर आहे ते १९९५ मध्ये दिसलं. पंचेन लामा हे दुसरं मोठं पद, आणि दलाई लामा आणि पंचेन लामा एकमेकांचा पुनर्जन्म ओळखण्यात भाग घेतात अशी परंपरा. दलाई लामांनी १४ मे ला गेदुन छोक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाचं नाव जाहीर केलं, तीन दिवसांत तो मुलगा कुटुंबासह चिनी ताब्यात गेला आणि त्यानंतर कुणाला दिसला नाही. चीननं आपला वेगळा पंचेन लामा बसवला. आता पुढचा दलाई लामा शोधायची वेळ येईल तेव्हा काय होईल ते सांगायला नको, बहुतेक एकाच वेळी दोन असतील.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणणाऱ्यांनी नोव्हेंबरमध्ये आपल्याच शहरात स्वेटरच्या लायनीतून एक चक्कर मारावी. 'तिबेटी मार्केट' म्हणून आपण घासाघीस करतो ती माणसं या गोष्टीची तिसरी पिढी. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही त्यांची अख्खी वसाहत आहे, सत्तरच्या दशकापासून. १७ मार्च १९५९ च्या रात्री दलाई लामा सैनिकाच्या वेषात ल्हासातून निघाले आणि ३१ मार्चला भारतात आले, त्यांच्यामागून आलेल्यांची ही मुलंनातवंडं.

मग बघायचा की नाही?

बघा की. फक्त व्हिडिओ म्हणून बघा, पंचनामा म्हणून नको. चीननं तो दाबायचा खूप प्रयत्न केला, दिग्दर्शकावर आणि नटांवर बंदी घातल्याच्या बातम्या आल्या, त्यातला दिग्दर्शक आनो पुढं २०१२ मध्ये शांघाय महोत्सवाचा परीक्षक झाला आणि चीनसाठी लांडग्यांवर पिक्चरही काढून आला, असो, पोट सगळ्यांनाच असतं. शूटिंग मुख्यतः अर्जेंटिनात झालं, आपण जो हिमालय म्हणून बघतो तो अँडीज. पण दोन वर्षांनी आनोनं कबूल केलं की गुपचूप दोन टीम तिबेटमध्ये पाठवून घेतलेलं जवळजवळ वीस मिनिटांचं चित्रण पिक्चरमध्ये आहे. त्यामुळे कुठला डोंगर खरा तो ओळखायचा खेळ घरात मस्त रंगतो.

आणि एका बाईकडे लक्ष ठेवा. दलाई लामांची आई झालेली ती बाई म्हणजे जेत्सुन पेमा, दलाई लामांची खरी धाकटी बहीण. धरमशालातल्या तिबेटी मुलांच्या शाळा-वसतिगृहांचं काम तिनं चाळीसेक वर्षं सांभाळलं. १९५० मध्ये, दहाएक वर्षांची असताना ती शिकायला ल्हासा सोडून भारतात आली, मधे १९८० मध्ये निर्वासितांच्या पाहणी पथकाबरोबर एकदा जाऊन आली, तेवढंच. आणि मग अर्जेंटिनात उभारलेल्या ल्हासात, भारतातून विमानानं नेलेल्या तिबेट्यांच्या गर्दीत, स्वतःच्या आईच्या वेषात ती कॅमेऱ्यासमोर बसली.